उज्जयिनीची खूणगाठ

उज्जैनला गेलेला मराठी माणूस आधी महाकालेश्वराचे दर्शन घेतो, मग क्षिप्रेच्या घाटावर जातो, आणि परतीच्या गाडीला वेळ उरलाच तर वेधशाळा पाहून येतो. काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुटीत आम्ही उभयता तिथे गेलो तेव्हा मी हा क्रम उलटा लावला. सौ.ने कपाळाला आठी घातली, पण माझे कारण तिला ठाऊक होते. नववीच्या वर्गात रेखावृत्ते आणि स्थानिक वेळ शिकवताना दरवर्षी एखादा मुलगा विचारतोच, ‘सर, हे खरंच असं असतं का?’ या वेळी त्याच्यासमोर स्वतः घेतलेली नोंद ठेवायची, असे मी ठरवून गेलो होतो.

वेधशाळेत सवाई जयसिंहाने बांधलेले सम्राट यंत्र आहे. सुमारे २२ फूट उंचीची ही दगडी तिरपी भिंत पृथ्वीच्या अक्षाशी समांतर आहे. तिची सावली दोन्ही अंगांच्या वक्र कट्ट्यांवर पडते आणि तासाला १५ अंश या एकसारख्या गतीने सरकते. साडेनऊपासून दर दहा मिनिटांनी मी घड्याळातली वेळ आणि सावलीची खूण मोबाईलमधल्या एका टिपणवहीत लिहीत होतो. साडेअकरापर्यंत तेरा नोंदी झाल्या. तेवढ्यात शाळेतून फोन आला. वीसेक मिनिटे बोललो, मग दोन छायाचित्रे काढली, आणि टिपणवही पुन्हा उघडली तर पान कोरे! वर तारीखसुद्धा नव्हती.

माझा चेहरा पाहून सौ. म्हणाली, “अहो, दहाची आणि अकराची मी लिहून ठेवली आहे.” तिने पर्समधून प्रवेशाचे तिकीट काढले. मागच्या बाजूला पेन्सिलीने तारीख होती, ‘उज्जैन’ असे गावाचे नाव होते आणि खाली दोन ओळी: घड्याळात १०, सावली ९-४९, घड्याळात ११, सावली १०-४९.

त्या दोन ओळींवरून बाकीच्या अकरा नोंदी मी झाडाखाली बसून दहा मिनिटांत पुन्हा मांडल्या. आपले घड्याळ ८२ अंश ३० कला या रेखांशाची वेळ दाखवते. उज्जैनचा रेखांश सुमारे ७५ अंश ४६ कला, म्हणून तिथला सूर्य घड्याळाच्या जवळजवळ २७ मिनिटे मागे. पण नोव्हेंबरच्या आरंभी खरा सूर्य सरासरी सूर्याच्या सुमारे १६ मिनिटे पुढे असतो. दोहोंचा मेळ घातला की सावली घड्याळाच्या ११ मिनिटे मागे राहायला हवी, आणि तिकिटावर नेमके तेच होते. कोष्टक भरून निघाले. तरी मनाला रुखरुख लागली. दोन नोंदी वेधाच्या होत्या आणि अकरा गणिताच्या. त्या अकरा वेळची सावली मी पाहिली होती खरी, पण आता त्याला पुरावा उरला नव्हता.

* * *

रात्री मुक्कामावरून मी माझ्या एका माजी विद्यार्थ्याला फोन लावला. तो पुण्यात मोबाईलची ॲपे तयार करण्याचे काम करतो. हकीकत ऐकून तो हसला आणि म्हणाला, “सर, तुम्ही फोनवर बोलत होता तेव्हा ते ॲप मेलं होतं. तुम्हाला कळलं नाही एवढंच.”

त्याने जे समजावले ते मला रंजक वाटले, म्हणून थोडक्यात सांगतो. मोबाईलची स्मरणशक्ती मर्यादित असते. आपण एक ॲप सोडून दुसऱ्यात गेलो की पहिले मागे थांबते. जागा कमी पडली की फोनची मूळ व्यवस्था अशा थांबलेल्या ॲपला निःशब्दपणे मारून टाकते. आपण परत आलो की ते नव्याने जन्माला येते. चांगले ॲप असा अभिनय करते की जणू काही झालेच नव्हते: तेच पान, त्याच ओळीवर तोच कर्सर. हे साधते कसे? अँड्रॉइड या व्यवस्थेत पडदा दृष्टीआड झाला की ॲपला सांगितले जाते, ‘जे जपायचे ते बांधून दे.’ ॲप आपल्या स्थितीचे एक लहान गाठोडे बांधून व्यवस्थेच्या हाती देते. त्या गाठोड्याला इंग्रजीत ‘बंडल’च म्हणतात. पुनर्जन्माच्या वेळी व्यवस्था ते परत देते आणि ॲप ते सोडून पडदा जसाच्या तसा उभा करते. फोन उभ्याचा आडवा केला तरी बहुधा हाच प्रकार घडतो. पडदा मोडतो आणि पुन्हा उभारला जातो. ॲपलच्या फोनांमध्येही २०१२ पासून अशी सोय आली.

मी विचारले, “मग सगळंच गाठोड्यात का बांधत नाहीत?”

“मावत नाही, सर. एका वेळच्या सगळ्या देवाणघेवाणीला मिळून एक मेगाबाइटच्या आसपास मर्यादा असते. गाठोडं फुगलं तर ॲपच कोसळतं. म्हणून नियम असा की जे पुन्हा काढता येतं ते बांधायचं नाही. कुठल्या पानावर होतो, कुठली ओळ, एवढीच खूण बांधायची. बाकीचं त्या खुणेवरून परत उभं करायचं. आणि तुम्ही स्वतः टाईप केलेलं तर गाठोड्यातही नाही, सरळ पेटीत, म्हणजे कायमच्या साठ्यात, लगेच लिहायला हवं होतं. तुम्ही ॲप स्वतः झटकून बंद केलं तर गाठोडंही फेकलं जातं. तुमच्या त्या टिपणवहीवाल्यानं दोन्ही केलेलं नाही.”

फोन ठेवला आणि मला राहून राहून वाटू लागले की हे आपण पूर्वी कुठे तरी वाचले आहे. जे पुन्हा काढता येते ते बांधू नये, खूण तेवढी बांधावी. मग आठवले. आपले पंचांगकर्ते दीड हजार वर्षे याच नियमाने चालत आले आहेत, आणि त्या गाठोड्यावर ज्या गावाचे नाव लिहिलेले असे त्याच गावात मी त्या रात्री मुक्कामाला होतो.

* * *

आज सकाळी चंद्र आकाशात कुठे आहे, हे गणिताने काढायचे तर दोन गोष्टी लागतात. एखाद्या ठरलेल्या क्षणी तो कुठे होता, आणि तेव्हापासून किती दिवस लोटले. दिवसांच्या या मोजणीला ‘अहर्गण’ म्हणतात. आरंभ कुठला धरावा यावरून जुन्या ग्रंथांचे तीन प्रकार झाले. कल्पाच्या आरंभापासून मोजणारा तो सिद्धांत, युगाच्या आरंभापासून मोजणारा तो तंत्र, आणि आपल्या काळाजवळचा एखादा शक धरून मोजणारा तो करणग्रंथ.

कलियुगाचा आरंभ इसवी सनपूर्व ३१०२ च्या १७ आणि १८ फेब्रुवारीमधल्या मध्यरात्री, उज्जयिनीच्या रेषेवर, धरण्याचा एक प्रघात आहे. तिथपासून मोजू लागलो तर इसवी सन १५२० च्या गुढीपाडव्यापर्यंतच १६ लाख ८७ हजारांहून अधिक दिवस भरतात. आज ही संख्या १८ लाख ७२ हजारांच्या पुढे गेली आहे. धूळपाटीवर बोटाने आकडे लिहून एवढ्या संख्येला ग्रहाच्या गतीने गुणायचे, नऊ ग्रहांसाठी तेच करायचे आणि वर्षभर करत राहायचे, म्हणजे चुकांना आमंत्रणच. करणग्रंथाने यावर साधा तोडगा काढला. युगारंभापासूनचा सगळा हिशेब एकदा करून एका सोयीच्या दिवशी थांबायचे. त्या दिवशीच्या ग्रहस्थिती लिहून ठेवायच्या. पुढच्या माणसाने मागे वळून न पाहता तिथून पुढे चालायचे. या लिहून ठेवलेल्या स्थितींना ‘क्षेपक’ म्हणतात. ग्रंथकार मरतो, पोथी मिटते, शे-दोनशे वर्षांनी दुसऱ्याच गावातला कोणी ती उघडतो, आणि आकाश पुन्हा सुरू होते.

अवंतीच्या वराहमिहिराने ‘पंचसिद्धांतिके’त आरंभ धरला शके ४२७, म्हणजे इसवी सन ५०५. ब्रह्मगुप्ताच्या ‘खंडखाद्यका’चा आरंभ इसवी सन ६६५ चा. भास्कराचार्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’सारखा प्रचंड ग्रंथ लिहिला, तरी रोजच्या वापरासाठी शके ११०५ हा आरंभ धरून ‘करणकुतूहल’ हा छोटा करणग्रंथही लिहिलाच. त्यांचा नातू चांगदेव याने खानदेशात, चाळीसगावजवळच्या पाटण येथे, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. तेराव्या शतकाच्या आरंभीचा तो शिलालेख प्रसिद्धच आहे. नुसते गाठोडे ठेवून भागत नाही, ते सोडणारा माणूसही घडवावा लागतो, हे चांगदेवाला उमगले होते.

मात्र या कलेचा कळस कोकणात झाला. नांदगावच्या गणेश दैवज्ञाने शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० साली, ‘ग्रहलाघव’ रचला. त्याने काय केले ते पाहण्यासारखे आहे. ११ वर्षांत १३२ महिने आणि सुमारे ४ अधिकमास मिळून १३६ चांद्रमास होतात, आणि त्यांचे दिवस होतात ४०१६. या ११ वर्षांच्या तुकड्याला त्याने ‘चक्र’ म्हटले. प्रत्येक ग्रहासाठी त्याने दोनच आकडे बांधून ठेवले. एक आरंभदिवसाचा क्षेपक, आणि दुसरा एका चक्रात पडणाऱ्या फरकाचा, ज्याला ‘ध्रुव’ म्हणतात. इष्ट शकातून १४४२ वजा करायचे, बाकीला ११ ने भागायचे, भागाकार आला ती चक्रे. उरलेल्या वर्षांचेच तेवढे दिवस मोजायचे. ती संख्या कधीही ४०१६ च्या फारशी पुढे जात नाही.

शके १९४८ चे, म्हणजे २०२६ च्या पाडव्याचे, उदाहरण घेऊ. १९४८ वजा १४४२ म्हणजे ५०६. त्याला ११ ने भागले तर चक्रे ४६ आणि बाकी शून्य. अठरा लाख बहात्तर हजार दिवसांच्या डोंगराऐवजी हाती आले ४६ आणि शून्य! त्यातून या गृहस्थाने जीवा-चापाची, म्हणजे आजच्या भाषेत त्रिकोणमितीच्या कोष्टकांची, गरजही काढून टाकली. साधी त्रैराशिके येणाऱ्या जोश्यालाही पंचांग करता यावे, ही त्याची दृष्टी होती. पाठोपाठ त्याने ‘तिथिचिंतामणी’ ही कोष्टके दिली. महाराष्ट्रातली पंचांगे त्यानंतर साडेतीनशेहून अधिक वर्षे प्रामुख्याने या दोन ग्रंथांवर चालली. गावोगावचे जोशी ती हाताने मांडत. सीमेच्या अलीकडे ‘गुढीपाडवा’ आणि पलीकडे ‘युगादी’ असा उच्चार बदलला तरी तिथी तीच असे, कारण शक तोच आणि महिना मोजण्याची अमान्त रीतही तीच.

* * *

आता उज्जयिनीकडे येतो. ग्रहांची स्थिती बांधून ठेवली, तारीखही लिहिली, पण तेवढ्याने ती पुरी होत नाही. ‘सूर्योदयी चंद्र इतक्या अंशांवर’ असे लिहिले तर प्रश्न येतो, कुठल्या गावच्या सूर्योदयी? सूर्य सर्व गावांना एकदम उगवत नाही. म्हणून आपल्या ज्योतिष्यांनी एक मध्यरेषा मानली. दक्षिणेला विषुववृत्तावरची कल्पित लंका, मध्ये अवंती म्हणजे उज्जयिनी, आणि उत्तरेला कुरुक्षेत्र. सूर्यसिद्धांतात ही रेषा स्पष्ट सांगितली आहे. सगळे क्षेपक या रेषेचे. आपले गाव तिच्या पूर्वेला की पश्चिमेला, किती अंतरावर, हे पाहून जो फरक करायचा तो ‘देशांतर संस्कार’. बेळगावचे उदाहरण घ्या. त्याचा रेखांश सुमारे ७४ अंश ३० कला, म्हणजे उज्जैनहून सव्वा अंश पश्चिमेला. वेळेत फरक ५ मिनिटांचा. तेवढ्यात चंद्र जेमतेम तीन कला सरकतो. पण तिथीच्या काठावर उभ्या असलेल्या एकादशीला तेवढ्या कलाही पुरतात.

स्थानाची ही चिठ्ठी किती जपावी लागते, याची एक मजेदार हकीकत आहे. आठव्या शतकात, खलिफा अल् मन्सूरच्या काळात, भारतीय ज्योतिषाचे ग्रंथ बगदादला पोचले. त्यांच्यासोबत उज्जयिनीची मध्यरेषाही गेली. अरबी लिपीत गावाचे नाव ‘उझैन’ असे लिहिले गेले. त्या लिपीत ‘झ’ आणि ‘र’ या अक्षरांत फरक एका नुक्त्याचा. कुणा लेखनिकाकडून तो टिंब गळला आणि ‘उझैन’चे ‘अरिन’ झाले. अल् ख्वारिज्मीची कोष्टके या अरिनच्या रेषेवर बेतलेली होती. युरोपात अशा ग्रंथांची ओढ वाढली आणि ११२६ साली बाथच्या ॲडेलार्डने ती कोष्टके लॅटिनमध्ये नेली. पुढे युरोपातले पंडित अरिन हे पृथ्वीच्या मध्यावरचे एक अद्भुत नगर आहे असे समजू लागले. कोलंबसाने १४९८ च्या तिसऱ्या सफरीवरून राजा-राणीला धाडलेल्या पत्रातसुद्धा या अरिनचा उल्लेख आहे. गणित शाबूत पोचले, पण चिठ्ठीवरचा एक टिंब गळाला आणि क्षिप्राकाठचे खरेखुरे गाव परीकथेतले होऊन बसले. सौ.ने तिकिटावर ‘उज्जैन’ हे अक्षर लिहिले नसते तर तिच्या दोन ओळी पुढच्या वर्षी मलाही निरर्थक वाटल्या असत्या.

* * *

गाठोड्याचा तिसरा धोका शिळेपणाचा. गणेश दैवज्ञाला तो पुरता माहीत होता. त्याचे वडील केशव दैवज्ञ हे स्वतः आकाशाचे वेध घेणारे होते. आधीच्या ग्रंथांतले क्षेपक गणेशाने डोळे मिटून उचलले नाहीत. चंद्र सूर्यसिद्धांतातला घेतला, पण ९ कला वजा करून. शनी आर्यभटाच्या परंपरेतला घेतला, पण ५ अंश मिळवून. थोर नावांपेक्षा जे आकाशात दिसते ते खरे, हा त्याचा बाणा होता.

आपण मात्र त्याच्या पोथीला त्याने पूर्वसूरींना लावलेली कसोटी लावली नाही. शतके लोटली, तसे बांधलेले आकडे आकाशापासून सरकत गेले. शिवाय सोपेपणासाठी त्याने चंद्राच्या गतीतले काही बारकावे मुळातच सोडले होते. जुन्या गणिताप्रमाणे तिथी ५४ ते ६५ घटकांची असते. प्रत्यक्षात ती सुमारे ५० ते ६७ घटकांपर्यंत लहानमोठी होते. परिणाम असा की तिथीच्या वेळा आकाशाशी काही घटकांनी चुकू लागल्या. १८६० साली केरो लक्ष्मण छत्रे यांनी ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ मराठीत प्रसिद्ध केली आणि शके १७८७, म्हणजे १८६५ पासून, नव्या गणिताचे ‘पटवर्धनी पंचांग’ निघाले. तेव्हा ते थोड्याच लोकांनी स्वीकारले. एकाच वाड्यात थोरल्याची एकादशी आज आणि धाकट्याची उद्या, असे प्रसंग आले. ज्या पोथीने ‘आकाश पाहा’ म्हणून सांगितले, तिच्याच अभिमानापायी लोक आकाशाकडे पाहायला तयार होईनात.

हा तिढा सोडवायला जे पुढे आले त्यांत दोन मास्तर होते, हे आमच्या व्यवसायाच्या अभिमानाने सांगतो. पहिले मुरुडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकवता शिकवता त्यांनी १८९६ साली ‘भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास’ प्रसिद्ध केला आणि कुठल्या ग्रंथाचा कुठला आकडा किती चुकतो ते पक्षपात न करता मांडले. दुसरे व्यंकटेश बापूजी केतकर. जन्म १८५४ साली नरगुंदचा, नोकरी शाळाखात्यात, अध्यापन बागलकोटला. कानडी मुलखात राहून या मराठी मास्तरांनी युरोपीय ज्योतिषाचे ताजे आकडे घेतले आणि ते जुन्या करणग्रंथाच्या साच्यात संस्कृतमध्ये ओतले. ‘ज्योतिर्गणित’ हा तो ग्रंथ. आकडे नवे आणि बांधणी जुनी, त्यामुळे पोथी उघडणाऱ्या जोश्याला आपले घर बदलल्यासारखे वाटले नाही. पुढे या धर्तीची पंचांगे महाराष्ट्रात रुळली.

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा वेधशाळेत गेलो, तेव्हा तिच्याकडे पाहण्याची माझी नजर बदलली होती. सवाई जयसिंह अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात माळव्याचा सुभेदार असताना त्याने ती बांधवली. धातूची लहान यंत्रे झिजतात, हलतात, म्हणून त्याने चुना-दगडाची मोठी यंत्रे पसंत केली. त्याच्यामागे ती ओस पडली. माळवा मराठ्यांकडे आला, राणोजी शिंद्यांनी उज्जैनला ठाणे केले, त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालेश्वराचे देवालय पुन्हा उभारले, पण वेधशाळेकडे वळायला कुणाला सवड मिळाली नाही. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली. पडझड होतच राहिली.

१९२३ साली माधवराव शिंद्यांनी तिचा जीर्णोद्धार करवला. काम सोपवले होते गोविंद सदाशिव आपटे यांच्याकडे. ते गणिती होते आणि ‘सर्वानंदकरण’ या करणग्रंथाचे कर्तेही. मोडलेले यंत्र पुन्हा उभे करताना आधार कशाचा घ्यायचा? मूळ नकाशा हाती नसला तरी अडत नाही. सम्राट यंत्राची भिंत किती कलती हवी हे त्या गावाचा अक्षांशच सांगतो, म्हणजे सुमारे २३ अंश ११ कला. तिची दिशा ध्रुवतारा सांगतो आणि कट्ट्यावरच्या रेघा सूर्य सांगतो. यंत्र मोडले, पण ते ज्याच्या आधारे बांधले होते ते आकाश शाबूत होते. म्हणून तेथे वेध पुन्हा सुरू होऊ शकले. १९४२ पासून ही वेधशाळा दरवर्षी ग्रहस्थितीचे पंचांगही काढू लागली.

उज्जयिनीच्या रेषेचा मान मात्र तोवर गेला होता. १८८४ च्या वॉशिंग्टन परिषदेत ग्रिनिच ही जगाची मध्यरेषा ठरली आणि १९०६ पासून हिंदुस्थानची प्रमाणवेळ ८२ अंश ३० कला या रेखांशावर आली. स्वातंत्र्यानंतर देशात तीसएक पंचांगे वेगवेगळी चाललेली पाहून सरकारने नोव्हेंबर १९५२ मध्ये मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्यात ‘केसरी’चे माजी संपादक ज. स. करंदीकर होते, नागपूरचे डॉ. के. ल. दप्तरी होते आणि उज्जैनच्या माधव कॉलेजातले गणिताचे प्राध्यापक आर. व्ही. वैद्य होते. समितीने १९५५ मध्ये अहवाल दिला आणि २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. आता तिच्या गणितासाठी एक मध्यस्थान हवे होते. समितीने रेखांश घेतला प्रमाणवेळेचा, ८२ अंश ३० कला. आणि अक्षांश घेतला २३ अंश ११ कला. तो उज्जैनचा. नवी व्यवस्था उभारताना जुन्या गाठोड्यातले एवढेच त्यांनी काढून ठेवले. ते वाचून मला वाटते, निवड चोख झाली.

२९ फेब्रुवारी २०२४ रोजी याच आवारात ‘विक्रमादित्य वैदिक घड्याळा’चे उद्घाटन झाले. सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंतच्या काळाचे ते ३० मुहूर्त करते. पुढे त्याचे मोबाईल ॲपही निघाले. त्याविषयी उलटसुलट पुष्कळ बोलले जाते, त्यात मी शिरत नाही. मला त्यातली एकच गोष्ट मोलाची वाटते. सूर्योदयावर चालणाऱ्या घड्याळाला कालचे गाठोडे पुरत नाही. त्याला रोज विचारावे लागते, आज सूर्य किती वाजता उगवला, आणि कुठल्या गावी?

उज्जैनमध्ये एक मराठी घर आम्हाला भेटले. शिंद्यांबरोबर माळव्यात आलेल्या घराण्यातले. घरातल्या आजी सौ.शी बोलत होत्या. माझ्या पणजीच्या तोंडी होते तसे काही शब्द त्यांच्या बोलण्यात जसेच्या तसे होते, आणि त्यांच्या मधूनमधून सहज हिंदी येत होती. नातू मात्र ‘मराठी समजते’ म्हणाला ते हिंदीतच. सीमाभागात राहणाऱ्या वाचकांना हे दृश्य नवीन नाही. आपणही घरोघर एक गाठोडे सांभाळून आहोत. कुळाचार, नातलगांना हाका मारण्याच्या तऱ्हा, सणांची नावे, आजीच्या म्हणी. ते बांधून ठेवल्याने जपले जाते, असे आपण धरून चालतो. पण क्षेपक नुसता लिहून ठेवला तर तो शिळा होतो, आणि सोडणारा शिकवला नाही तर तो अक्षरांचा ढीग उरतो. आजींचे शब्द त्या नातवाच्या तोंडी येतील की नाही हे मला सांगता येत नाही. चांगदेवाने पाटणला मठ का काढला, ते मात्र त्या ओसरीवर बसून मला अधिक कळले.

सुटीनंतर शाळा उघडली. नववीच्या फळ्यावर मी तेरा नोंदींचे कोष्टक लिहिले आणि शेवटी एक रकाना जास्त काढला. दहा आणि अकराच्या नोंदीसमोर त्यात ‘वेध’ असे लिहिले, बाकी अकरा नोंदींसमोर ‘गणित’. एका मुलाने विचारले, “सर, आकडे तर सगळे बरोबरच आहेत ना? मग वेगळं कशाला लिहायचं?”

मी त्याला मैदानात नेले, भर उन्हात एक काठी रोवून दिली आणि म्हटले, “सावली कुठं आहे ते आधी बघ. मग बोलू.” त्या दिवशी वहीत त्याने नोंद केली ती गावाचे नाव, तारीख आणि वेळ घालून. पेन्सिलीने.